दोन फांद्यांमधली हवा

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सेनापती बापट रस्त्यावरच्या एका हॉटेलात मी खोटं बोललो. एकाच शब्दाचं खोटं. "मस्त." दुर्बिणीच्या ऑपरेशनचा नवा थ्रीडी सेट दाखवायला एका कंपनीनं आम्हा वीस-पंचवीस सर्जनांना बोलावलं होतं. हॉलभर कॉफीचा आणि स्पिरिटचा मिसळलेला वास, टेबलांवर पोटाच्या जागी प्लॅस्टिकचे डबे, डब्यांत कोंबडीच्या तंगड्या आणि दाराशी एका ट्रेमध्ये काळसर चष्मे. ते लावून ओळीनं उभे राहिलो तेव्हा आम्ही सगळे मोतीबिंदूच्या शिबिरातून नुकतेच सुटल्यासारखे दिसत होतो. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टर मुलीचा पहिला नंबर लागला. तिनं सुई धरली, कातडीतून पलीकडे काढली, गाठ मारली आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "सर, सुई दिसतेय हो! एरवी शोधायला लागते." माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले एक सर्जन तर हात पुढे करून पडद्यासमोरची हवा चाचपत होते. त्यांचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा झाला होता.

मग माझी पाळी आली. चष्म्याशिवाय पडदा भुरकट, जोडचित्रासारखा दिसत होता, चष्मा लावल्यावर स्वच्छ झाला. झालं, एवढंच. मी थांबलो. वाटलं, डोळे सरावायला वेळ लागत असेल. मान जरा वाकडी करून पाहिली, पुढे सरकलो, मागे आलो. रोज पंचवीस वर्षं दिसतो तसाच पडदा, तशीच तंगडी, तशीच सुई. शेजारचे म्हणाले, "कमाल आहे ना?" मी म्हणालो, "मस्त." कंपनीच्या मुलानं फॉर्म पुढे केला, त्यात 'खोलीची जाणीव' असा एक रकाना होता. मी 'उत्कृष्ट'वर खूण केली. चष्मा परत करायचा राहिला, तो खिशातच घरी आला.

मला काहीच वेगळं दिसलं नव्हतं.

मराठीत आपण याला 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतो. दुर्बीण म्हटलं की आपल्या मनात दोन नळ्या येतात, सिंहगडावर भाड्यानं मिळते तशी. आमच्या दुर्बिणीला मात्र डोळा एकच. पोटात १२ ते १४ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबानं कार्बन डायऑक्साइड भरायचा, बेंबीपाशी छोटं भोक पाडून दुर्बीण आत घालायची आणि समोरच्या सपाट पडद्याकडे बघत बाकीच्या दोन-तीन भोकांतून लांब हत्यारं चालवायची. हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं, कारण पोटाची भिंत मध्ये टेकूसारखी. ते आठवड्याभरात जमतं. जमत नाही ती खोली. पहिले काही महिने नवी पोरं हवेतच चिमटे काढत बसतात. पित्ताशय पकडायला जातात आणि ग्रास्परचं तोंड त्याच्या दोन बोटं अलीकडेच मिटतं. हळूहळू मेंदू दुसऱ्या खुणा शोधतो. पुढचं मागच्याला झाकतं. जवळ आलेलं हत्यार जाड दिसतं. ओल्या यकृतावरची चकाकी सरकते. टोक हलकेच टेकवलं की मांस किती दबतं, त्यावरून अंतर कळतं. याला आम्ही 'हात बसला' म्हणतो, पण बसतो तो डोळा.

माझा हात लवकर बसला होता. सगळ्यांच्या आधी. आमच्या सरांनी तेव्हा अख्ख्या युनिटसमोर म्हटलं होतं, "याचा हात उपजत आहे." त्यांची पिढी मोठी चीर देऊन, आत हात घालून ऑपरेशन करणारी. मुंबईत जे. जे.मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी १९९० साली देशातलं पहिलं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, तेव्हा 'बोटांना काही कळणार नाही अशी कसली शस्त्रक्रिया' म्हणून नाक मुरडणाऱ्यांत आमचे सरही होते. पुढे तेच आम्हाला शिकवायला लागले. त्यांच्या तोंडून आलेलं ते वाक्य मी पंचवीस वर्षं पैठणीसारखं घडी घालून जपलं आहे.

चष्मा घरी आला, फ्रिजवर पडला आणि माझी झोप उडाली. काय काय आठवायला लागलं. सदाशिव पेठेतला आमचा वाडा, चौकातलं क्रिकेट, आणि प्रत्येक उंच झेलाला चेंडू माझ्या हातांच्या आधी कपाळाला भेटायचा. "हाताला लोणी लावून आलायस का रे?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की तिसरीनंतर मला कायमचं स्कोअर लिहायला बसवलं. मावसभावाकडे व्ह्यूमास्टर होता. गोल चकती, चौदा चित्रं, त्यांच्या सात जोड्या. सगळी पोरं एकेक करून डोळ्याला लावायची आणि ओरडायची, "अरे, हत्ती बाहेर येतोय!" मीही ओरडायचो. हत्ती मला दिसायचा, रंगीत दिसायचा. पोरं अतिशयोक्ती करतात एवढंच मला वाटायचं, आणि अतिशयोक्ती मलाही करता येत होती. म्हणजे हॉटेलातलं ते खोटं पहिलं नव्हतंच. शिवाय मान एका बाजूला कलती करून बघायची माझी सवय. आजोबा संस्कृतवाले होते, ओसरीवर बसून मला हाक मारायचे, "या काकाक्षिगोलक!" कावळ्याला बुबुळ एकच असतं आणि लागेल तसं ते या खोबणीतून त्या खोबणीत फिरवतो, असा जुना समज, त्यावरून संस्कृतातला तो न्याय, म्हणजे दृष्टान्त. शाळेतल्या पोरांना एवढं लांबण नको होतं. ती नुसतंच कावळ्या म्हणायची.

माझा एक वर्गमित्र डोळ्यांचा डॉक्टर आहे, टिळक रस्त्यावर त्याचा दवाखाना आहे. शेवटी तिथे गेलो. माझ्या आधी साडेपाच-सहा वर्षांची एक मुलगी होती, दोन वेण्या घातलेली. त्यानं तिला तसलाच काळसर चष्मा लावला आणि एक पुस्तकासारखं कार्ड पुढे धरलं. त्यावर भलीमोठी माशी. "पंख पकड बघू." मुलीनं हात पुढे केला आणि कार्डाच्या चांगला दोन बोटं वर, हवेत, चिमूट मिटली. "शी! केसाळ आहे!" म्हणून तिनं हात झटकला. सगळे हसले. मग मी स्टुलावर बसलो, तोच चष्मा, तेच कार्ड. मी पंख पकडायला गेलो आणि माझं बोट सरळ गुळगुळीत कागदावर टेकलं.

मित्र काही बोलला नाही. त्यानं एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, दिवे मारून बराच वेळ तपासलं. डाव्या डोळ्यात तिरळेपणा आहे, पण इतका बारीक की आरशातही कळू नये. आळशी डोळा थोडासा. त्या डोळ्याचं मधलं चित्र मेंदूनं लहानपणीच बाजूला टाकलेलं. उजव्यानं शेवटची ओळ वाचतो, डाव्यानं तिच्या वरची, आणि सगळीकडे तपासणी एकेक डोळा झाकूनच होत असल्यामुळे आजवर कुठेच अडलो नाही. "सहा-सात वर्षांचा असताना सापडलं असतं तर पट्टी लावून काहीतरी झालं असतं," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून समजूत घालायला लागला. दोन डोळ्यांच्या दोन किंचित वेगळ्या चित्रांतून खोली तयार होते हे तरी जगाला केव्हा पटलं? १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टननं आरशांचं यंत्र करून दाखवलं तेव्हा. "जगाला इतकी शतकं लागली, तुला त्रेपन्न वर्षं लागली." आणि मग अर्थातच पतौडी. १९६१ साली मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, त्याच वर्षी डिसेंबरात पहिली कसोटी खेळला, पुढच्या वर्षी एकविसाव्या वर्षी कर्णधार. एका डोळ्याचा विषय निघाला की आपल्याकडे पतौडी निघतोच, तसा तो निघाला. मला त्याचा काही उपयोग झाला नाही. पतौडीचं काहीतरी गेलं होतं. काय गेलं ते त्याला माहीत होतं. माझं काय गेलं?

त्या संध्याकाळी मी घरी न जाता पर्वतीवर गेलो. एकशे तीन पायऱ्या, लहानपणापासूनच्या. चढताना कधीच काही वाटत नाही. उतरताना, आणि तेही ढगाळ दुपारी, पाऊल जरा थबकतं, हे मला माहीत होतं, पण ते सगळ्यांचंच थबकत असेल असं धरून चाललो होतो. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की प्रत्येक पायरीची कड सावलीनं रेखली जाते आणि मी पळत उतरू शकतो. ढग आले, सावली गेली, की सगळ्या पायऱ्यांचा मिळून एकच दगडी उतार होतो. मधेच एका पायरीवर बसलो आणि लक्षात आलं की पोटातही कायम ढगाळ दुपारच असते. दिवा आणि डोळा एकाच नळीच्या टोकाला, त्यामुळे सावली पडली तरी ती वस्तूच्या मागे लपते, आपल्याला दिसत नाही. म्हणून तर मी कॅमेरा धरणाऱ्या पोरांना सारखा सांगत असतो, "जरा हलव." खरं तर कॅमेरा स्थिर धरावा, हलवू नये, असंच सगळीकडे शिकवतात. पण किंचित हलला की जवळचं भरभर सरकतं, लांबचं रेंगाळतं, आणि मला कळतं कोण कुठे आहे. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या गर्दीतून स्कूटर काढतानाही हेच होतं. चालत्या जगात मी कुठेच कमी पडत नाही. थांबलेल्या जगात पडतो. रेसिडेंट पोरं माझ्यामागे मला 'हलव सर' म्हणतात, हे मला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. तेव्हा फार हसलो होतो.

म्हणजे माझा हात उपजत नव्हता. बाकीच्यांना त्या सपाट पडद्यासमोर उभं राहताना जन्मभराची एक गोष्ट चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवावी लागायची, आणि मग ते महिनोन्महिने अनवाणी ठेचकाळत चालायचे. मी अनवाणीच आलो होतो. हे शास्त्र आहे असं मी म्हणत नाही, मला वाटलं एवढंच. पण आमच्या सरांचं ते वाक्य त्या पायरीवर घडीतून सुटलं ते सुटलंच.

आणखी एक गोष्ट आठवली, ती जास्त टोचली. १९९८ साली रेसिडेंट असताना जर्नल क्लबमध्ये एक शोधनिबंध मांडायची पाळी माझ्यावर आली होती. त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हॅना, शिमी आणि कुशिएरी यांचा. पित्ताशयाच्या साठ ऑपरेशनांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून काही थ्रीडी पडद्यावर केली, काही साध्या. निष्कर्ष असा की थ्रीडीनं काहीही फरक पडला नाही, वर सर्जनांचे डोळे ताणले गेले आणि डोकी दुखली. तेव्हाची यंत्रंही तशीच होती, चित्र अंधारं आणि चष्मे जड. पण मी तो निबंध ज्या आवेशानं मांडला! ग्रंथालयातला पंखा खडखडत होता, मागच्या बाकांवरचे डुलक्या काढत होते आणि मी टेबलावर हात आपटून सांगत होतो की ही सगळी कंपन्यांची जत्रा आहे, कसबी हाताला त्रिमितीची गरज नाही. कोणी विरोधही करत नव्हतं. एवढा आवेश कुणासाठी होता, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पुढे पडदे सुधारले, चष्मे हलके झाले, टाके घालण्यासारख्या नाजूक कामात थ्रीडीनं वेळ वाचतो, चुका कमी होतात असे निबंध येत गेले. २०१८ साली युरोपातल्या दुर्बिणीवाल्या सर्जनांच्या संघटनेनंही बैठक घेऊन थ्रीडीच्या बाजूनं कौल दिला. ते सगळं मी वाचलं, पण चाळल्यासारखं. डंडीचा निबंध मात्र अजून पाठ आहे.

रात्री बायकोला सांगितलं. ती गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती. आमच्या समोर सोसायटीचा जुना गुलमोहर आहे. मी विचारलं, "तुला त्या दोन फांद्यांमधली हवा दिसते का?" ती म्हणाली, "म्हणजे?" मी म्हटलं, "पुढची फांदी, मागची फांदी, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. ती दिसते? की पुढची आहे असं नुसतं कळतं?" तिनं झारी खाली ठेवली. बराच वेळ झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दिसते म्हणजे काय," ती म्हणाली, "असतेच ना."

मीही बघत राहिलो. पुढची फांदी मागचीला झाकत होती, एवढं नीट दिसत होतं.

नंतरचे काही दिवस मी वहीत तोंड घालून बसलो. सुरुवातीपासूनच्या प्रत्येक ऑपरेशनची नोंद माझ्याकडे आहे, कुठे गडबड झाली तर लाल शाईत. लाल ओळी मोजल्या. इतरांच्या असतात तितक्याच, थोड्या कमीच. त्यानं बरं वाटायला हवं होतं. पण २००३ साली लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तनलिकेला झालेल्या २५२ इजा तपासल्या होत्या, तेही आठवलं. पित्ताशयाची बारीक नळी समजून यकृताकडून येणारी मुख्य नळीच कापली जाते, ती आमच्या धंद्यातली सगळ्यात भयंकर चूक. या २५२ पैकी ९७ टक्के ठिकाणी मूळ कारण हात चुकणं नव्हतं, नजरेचा भ्रम होता. कापणाऱ्यांना त्या क्षणी शंका आलीच नव्हती. त्यांना नळी स्पष्ट दिसत होती, फक्त ती दुसरीच होती. ही बहुतेक माणसं धडधाकट दोन डोळ्यांची असणार. मला निदान माझ्या डोळ्यांवर संशय तरी आहे, आणि आत काही शंका वाटली तर पोट उघडायला मी कधी लाजलो नाही. असा युक्तिवाद मी स्वतःशी करतो. रात्री अडीच वाजता तो तितकासा चालत नाही. पेशंटना सांगावं का, हा प्रश्न राहतोच. "काकू, मला दोन फांद्यांमधली हवा दिसत नाही, पण तुमचे खडे मी नीट काढीन." काकू काय म्हणतील? बहुतेक म्हणतील, डॉक्टर, खडे डबीत घालून दाखवा म्हणजे झालं.

सेट घ्यायचा की नाही, हे ठरवायला आमच्या हॉस्पिटलात बैठक झाली. किंमत ऐकून हिशेबनीस खुर्चीत मागे टेकले. माझं मत विचारलं. मी म्हटलं, घ्यावा, नव्या पोरांना टाके घालायला फार उपयोगी पडेल. हे खोटं नव्हतं. पण बोलताना आवाज जरा चिरकला, आणि मी पाणी प्यायलो.

रेसिडेंटला मी गेल्या मंगळवारी सांगितलं. दोन केसेसच्या मधे ऑपरेशन थिएटरबाहेर उभे होतो, स्टीलच्या ग्लासात चहा, तिच्या टोपीतून निसटलेली बट. कार्ड, माशी, चौकातले झेल, सगळं सांगितलं. ती नुसतं ऐकत राहिली. सहानुभूतीचं काही बोलली नाही याबद्दल मी तिचा ऋणी आहे. फक्त एकदा विचारलं, "सर, मग 'हलव' म्हणता ते यासाठी?" मी मान डोलावली. तिनं ग्लास विसळून पालथा घातला आणि हात धुवायला गेली.

पुढची केस पित्ताशयाचीच होती, पन्नाशीच्या बाई, खडे भरपूर, जागा सुजलेली. नवा सेट लावलेला. पडद्यावर भुरकट जोडचित्र, सगळ्यांच्या डोळ्यांना काळे चष्मे, माझ्याही. सिस्टरनं गरम पाण्याच्या थर्मासमधून दुर्बीण काढून, पुसून दिली. मी म्हटलं, "सिस्टर, साधं करा." त्यांनी कॅमेऱ्याच्या डब्यावरचं बटण दाबलं, चित्र सपाट आणि स्वच्छ झालं. भूलतज्ज्ञांनी मान वर करून बघितलं, काही बोलले नाहीत. मी चष्मा उतरवून घेतला, कॅमेरा धरलेल्या रेसिडेंटनंही घेतला. यकृत उचललं, पित्ताशयाची मान धरून बाजूला ओढली. सुजेत सगळं एकरंगी झालेलं, दोन नळ्या एकीवर एक टाकल्यासारख्या. मी थांबलो. हत्यार तसंच धरून ठेवलं. तोंडावर आलेला शब्द अजून मास्कच्या आतच होता, आणि कॅमेरा एवढासा डावीकडे सरकला, मग उजवीकडे, मग परत जागेवर आला.